बोटात अडकलेलं म्हातारपण

माझ्या म्हातारपणाची तजवीज दोन वर्षं माझ्या उजव्या हाताच्या बोटात अडकून पडली होती.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो. प्रॉव्हिडंट फंड होता, पोस्टातली सर्टिफिकिटं होती, मी निश्चिंत होतो. पण ऑफिसात डबा खाताना कुणीतरी म्हणालं, "कागदाचं काय खरं, यार? थोडं सोनं हवंच!" झालं! त्या दिवशी माझी भेंडीची भाजी तशीच परत आली.

सोन्याची बिस्किटं घरात ठेवायला तेव्हा कायद्याने बंदी होती. सोनं हवं तर दागिनाच करायचा. आता सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, बांगड्या केल्या तर ती त्या घालणार (बायकांचं हे एक असतंच!), घातल्या की झिजणार, आणि मी निवृत्त होईन तेव्हा हातात काय, वर्ख येणार? म्हणून बोनस आला तसा मी तिला न सांगता घाटकोपरच्या एका सोनाराकडे गेलो आणि दोन तोळ्यांची साधी अंगठी सांगितली.

"माप?" सोनाराने विचारलं.

"कसलंही चालेल. घालायची नाहीये."

"मग करताय कशाला?"

"निवृत्तीसाठी!"

त्याने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि आठ दिवसांनी अंगठी दिली.

ती खिशात घालून बसस्टॉपवर उभा राहिलो आणि रांगेतला प्रत्येक माणूस मला पाकीटमार दिसायला लागला. एक तर माझ्याकडे बघून चक्क हसला! खिशापेक्षा बोट बरं, म्हणून मी अंगठी बोटात घालू लागलो. जाईना. थुंकी लावली, दात आवळले आणि ढकलली. गेली! वरून रुमाल गुंडाळून मी ऐटीत घरी आलो.

घरी आल्यावर ती निघेना. रुमाल सुटला आणि बिंगही फुटलं.

"दोन तोळे! आणि मला विचारलंसुद्धा नाहीत?" सुलभा ओरडली.

"अगं, तू ती घातली असतीस!"

"आणि तुम्ही काय केलंत?"

मी मोरीत जाऊन बोटाला साबण चोळू लागलो. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून शेजारचे राणे आपल्या आईला घेऊन आले. म्हातारी मालवणची. तिने बोट बघून कपाळाला हात लावला. "अरे, साबण कित्याक चोळतस? खोबरेल लाय मरे!" खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला, बर्फ झाला. बोट जांभळं पडलं. राणे एका कारखान्यात फिटर होते. ते घरून लोखंड कापायची करवत घेऊन आले.

"दोन मिनिटांत उडवतो बघ!"

"काय, बोट?"

"अंगठी रे!"

"थांब! कीस खाली पडेल! सोनं आहे ते!"

"अहो, बोट महत्त्वाचं की सोनं?" सुलभाने विचारलं.

मी उत्तर द्यायला जरा वेळ लावला. तो वेळ ती अजून विसरलेली नाही.

करवत परत गेली. अंगठी तशीच ठेवायची असं मी जाहीर केलं. याहून सुरक्षित लॉकर कुठला? भाडं नाही, किल्ली नाही, चोर आला तर मलाच उचलून न्यावं लागेल! फक्त ऑफिसात लोक उसने मागायला लागले, आणि साहेब माझ्या बोटाकडे बघून माझ्या टेबलावरच्या फायली स्वतः तपासायला लागले.

दोन वर्षांनी एका मे महिन्यात बोट सुजून वांग्याएवढं झालं. डॉक्टर म्हणाले, "आज अंगठी काढा, नाहीतर पुढच्या आठवड्यात बोट काढू." मी घाबरलो, अगदी मनापासून घाबरलो. सुलभाने मला रिक्षात कोंबलं आणि घाटकोपरला नेलं. सोनाराने अर्ध्या मिनिटात अंगठी कापली.

"आता मोठ्या मापाची करू?" त्याने मला विचारलं.

"बांगड्या करा," सुलभा म्हणाली. "आणि माप घ्या. नीट!"

तिने हात पुढे केला. मनगटावर लग्नापासूनच्या, पॉलिश उडालेल्या पितळी बांगड्या होत्या. रोज समोर असून मी त्या कधी पाहिल्याच नव्हत्या. मला खरोखर लाज वाटली. (मजुरीचा आकडा ऐकेपर्यंत वाटत होती.)

आता मला निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली. पैशांची ओढाताण झाली की मी सुलभाच्या बांगड्यांकडे बघतो, आणि ती पदर मनगटावर ओढून घेते. माझ्या वाट्याला त्या अंगठीची बोटावरची खाच तेवढी राहिली आहे. चांगली दोन तोळ्यांची आहे, पण कुठलीच बँक ती तारण ठेवून घेत नाही!