किती भरलंय?

मामांच्या तोंडून 'हो' काढायचं म्हणजे आमच्या ऑफिसला घाम फुटायचा. जालन्यातल्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मी बुकिंग सांभाळते. कारखान्यातली लोखंडी सळई कुठल्या ट्रकमध्ये भरायची ते ठरवायचं आणि ट्रकवाल्यांना फोन करायचे, हे माझं काम. बाकीचे ट्रकमालक भाडं मिळावं म्हणून सकाळपासून दारात बसून असत, आणि हा गृहस्थ चालून आलेलं भाडं परत पाठवायचा. शेठनी त्यांचं नाव 'नन्नामामा' पाडलं. मग सगळेच तसं म्हणायला लागले. मीही म्हणायची, अर्थात त्यांच्या पाठीमागे.

ट्रक त्यांचा स्वतःचा, आणि चालवणारेही तेच. मूळचे घनसावंगीकडच्या धनगराच्या घरातले. ट्रक भरून झाला की मागे जाऊन वाकायचे आणि चाकावरच्या लोखंडी पाट्याला तळहात लावायचे. लहानपणी मेंढराच्या पाठीवरून हात फिरवायचे तसा. पाटा किती दबलाय यावरून त्यांना वजनाचा अंदाज यायचा. मग मला फोन यायचा, "ताई, किती भरलंय?" शेठ कागदावर नेहमी कमी वजन लिहायला लावत, पण मामांना मी खरा आकडा सांगायची. परवान्यापेक्षा जास्त असला की त्यांचं उत्तर ठरलेलं, "उतरवा. न्हाई तर दुसऱ्याला द्या. गाडीला तोंड न्हाई, म्हणून मी बोलून राह्यलो."

खोटं कशाला सांगू, मला त्यांचा रागच यायचा. माल उतरवायचा, दुसरा ट्रक शोधायचा, वर शेठची बोलणी खायची, सगळं माझ्याच डोक्यावर. एकदा चहा पिताना मी त्यांना विचारलंच, सगळं जग भरतंय, तुम्हीच काय एवढे हरिश्चंद्र लागून गेलात?

तेव्हा त्यांनी वडीगोद्रीची गोष्ट सांगितली. ट्रक नवीन घेतला होता तेव्हाची. सळई बेसुमार भरलेली आणि पुढे मेंढ्यांचा कळप रस्ता ओलांडत होता. मामांनी ब्रेक दाबला, पण गाडी काही थांबली नाही. धावत आलेले मेंढके त्यांच्याच सोयऱ्याधायऱ्यांतले निघाले. कुणी अंगावर आलं नाही. एक म्हातारा मेलेल्या मेंढीजवळ बसून एवढंच विचारत राहिला, बाबा, किती भरलंय? मामांना आकडा माहीत नव्हता. "शिव्या दिल्या असत्या तं बरं झालं असतं, ताई," ते मला म्हणाले, "इसरून गेलो असतो."

त्या दिवसापासून माझा राग गेला, पण माझा राग गेल्यानं काय होणार होतं? शेठनी आधी त्यांचं नाव यादीत सगळ्यांत खाली टाकलं, मग एक दिवस सांगितलं की त्यांना फोनच करायचा नाही. मामा दुसऱ्या ट्रान्सपोर्टकडे गेले, तिथंही नन्नामामांची कीर्ती आधीच पोचली होती. बदनापूरहून रेल्वेनं येऊन मी ऑफिसकडे चालत निघाले की वाटेतल्या मोकळ्या जागेत त्यांचा ट्रक उभा दिसायचा. चाकांमध्ये गवत वाढलं होतं. मामा मात्र रोज सकाळी येऊन काच पुसायचे. मामी बियाण्याच्या गोदामात निवडायच्या कामाला जायला लागल्या. दोन महिने मी ती काच पुसणं बघितलं.

शेवटी मी शेठच्या मागे लागले. त्यांना एक भाडं द्या, एकच. शेठ तयार झाले, पण बाकीचे नेतात तेवढा माल नेणार असतील तर. मामा हो म्हणणार नाहीत हे मला माहीत होतं. तरी मी त्यांना बोलावलं. ट्रक भरला, वर ताडपत्री बांधली, आणि त्यांनी फोन केला, "ताई, किती भरलंय?"

परवान्याएवढंच, असं मी सांगितलं.

आपण त्यांचं भलंच करतोय असं मला तेव्हा मनापासून वाटत होतं. एकदा गाडी रस्त्याला लागली की पुढचं आपोआप सुरळीत होईल, असा माझा हिशेब. मामा अंबडपर्यंतसुद्धा गेले नाहीत. पहिल्याच मोठ्या उतारावर त्यांना गाडी जड लागली. त्यांनी ती वाटेतल्या वजनकाट्यावर चढवली आणि भरलेला ट्रक तसाच परत आणून कारखान्याच्या दारात लावला. निघालेला माल परत आणणं याच्याइतका मोठा गुन्हा आमच्या धंद्यात नाही. मग ते ऑफिसात आले आणि काट्याची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही.

"शेठनं सांगितलं असतं, तं मी पाट्याला हात लावून पाह्यला असता," ते म्हणाले. "तुम्ही सांगितलं, म्हणून न्हाई लावला."

मी काहीतरी बोलत होते, मामींचं, घराचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि निघून गेले. त्यानंतर त्यांना कुणीच भाडं दिलं नाही. काही दिवसांनी त्या मोकळ्या जागेत नुसता गवताचा चौकोन उरला. ट्रक विकला असं कळलं.

परवा दुपारी अंबड रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी मामा दिसले. एका मोठ्या मालकाचा बारा चाकी ट्रक चालवतात आता. सळई मागून हातभर बाहेर आलेली, तिला लाल फडकं बांधलेलं. त्यांनी आपणहून हाक मारली, माझ्या आईची तब्येत विचारली, चहाही पाजला. कशाचीच अढी नव्हती, आणि मला तेच सोसवेना. माझी नजर राहून राहून चाकांकडे जात होती. पाटे पार सपाट झाले होते.

मला विचारायचा काही हक्क नव्हता, तरी तोंडून निघून गेलं, "मामा, किती भरलंय?"

त्यांनी ट्रककडे बघितलंसुद्धा नाही.

"सांगत न्हाईत, ताई," ते म्हणाले. "मीबी आता इचारत न्हाई."

कप खाली ठेवून ते उठले, हात खिशात घालून मागच्या चाकांजवळून पुढे गेले आणि गाडीत चढले.