कापलेल्या जटा

गल्लीत तिला सगळे कात्री म्हणायचे. एक तर घरातच तिचं केस कापायचं पार्लर होतं, आणि दुसरं म्हणजे तिची जीभ. ‘पुढून जरा जास्तच कापलेस गं,’ असं कुणी म्हणालं की ती आरशातूनच उत्तर द्यायची, ‘केस वाढतील. तोंडाचं काय करायचं ते तू बघ.’ तरी बायका तिच्याकडेच यायच्या, कारण तिला कशाची किळस नव्हती. कोंडा, उवा, आजारपणात महिनाभर न विंचरलेलं डोकं, काहीही असो, ती कुणाला परत पाठवायची नाही. गुंता दिसला की हात आपोआप कात्रीकडे जायचा. त्या हाताचा तिला भारी गर्व होता. शेवटी तोच नडला.

कुत्र्यांच्या भानगडीत ती पडली एका गिऱ्हाइकामुळे. त्या बाईने मुलीसाठी झुबकेदार पांढरं पिल्लू विकत आणलं आणि ते आठवड्यातच गेलं. मुलगी जेवेना. कात्रीने पत्ता घेतला आणि भांडायला गेली. पिल्लं विकणारा मोठा गोडबोल्या. पुढच्या खोलीत सोफ्यावर बसवायचा, स्वच्छ टोपलीतली पिल्लं मांडीवर द्यायचा. पण मागून मुताचा भपकारा येत होता. पाणी प्यायचं निमित्त करून ती आत घुसली आणि मागच्या दाराने पत्र्याच्या शेडपाशी पोचली. पिंजऱ्यावर पिंजरा. वरच्यांची घाण खालच्यांच्या अंगावर. आत नुसत्या आया. एकीचं दूध आटायच्या आत पुढची वीण. सगळ्यात खाली एक म्हातारी कुत्री होती. तिच्या केसांच्या अशा जटा झाल्या होत्या, की पुढचा पाय पोटाला शिवून टाकल्यासारखा. तिने जाळीतून जीभ काढून कात्रीचं बोट चाटलं.

‘हिला बाहेर काढल्याशिवाय मी गप्प बसणार नाही,’ तिने घरी येऊन सासूला सांगितलं.

‘तू गप्प बसलीस असं या घरात कधी झालंय?’ सासू म्हणाली. ‘पण कुत्रं उंबऱ्याच्या आत नको.’

पोलीस चौकीत म्हणाले, जनावरांच्या खात्यात जा. खात्यात म्हणाले, चौकीत जा. एका साहेबाने विचारलं, ‘बाई, माणसांचे प्रश्न संपले का?’

‘संपले असते तर तुम्हाला घरी बसवलं असतं, साहेब.’

तिचा तक्रारीचा अर्ज पुन्हा ढिगाच्या तळाशी गेला. शेडवाल्याचा परवाना चौकटीत घालून भिंतीवर लटकवलेला. तपासणीला माणूस निघाला की शेडवाल्याला आधी फोन जायचा, आणि माणूस पोचेपर्यंत पिंजरे लख्ख. त्यात दयाळू मंडळी तिथूनच पिल्लं विकत घेऊन तिला फोटो पाठवायची, ‘बघा ताई, एक सोडवलं!’ ‘सोडवलं कसलं, त्याचं दुकान चालवलंस!’ ती फोनवर ओरडायची. अशाने मदतीला येणारेही पांगले.

मग एक नवी निरीक्षकबाई आली. बोलणं कमी. कुणाला न सांगता ती भर दुपारी शेडच्या दारात उभी राहिली आणि सगळ्या कुत्र्या जप्त केल्या. ठेवायच्या कुठे? सरकारी जागा भरलेली. ‘माझ्या पार्लरची मागची खोली रिकामी आहे,’ कात्री म्हणाली.

निघताना निरीक्षकबाईने बजावलं, ‘डॉक्टर सकाळी येऊन तपासतील. शेडमध्ये अंधार होता, फोटोंत धड काही आलेलं नाही. त्यामुळे सगळी भिस्त त्यांच्या अहवालावर. पाणी द्या, खायला द्या. बाकी हात लावू नका.’

‘कळतं मला, मॅडम.’ तिला कुणी शिकवलेलं खपत नसे.

संध्याकाळी म्हातारी कुत्री आडवी व्हायला बघत होती आणि होता येत नव्हतं. तीन पायांवर डुलायची, गुडघा टेकायची, विव्हळायची, पुन्हा उठायची. जटांखाली माश्या शिरत होत्या. कात्री दार लावून बाहेर आली. भांडी घासली. पुन्हा आत गेली.

‘मॅडम काय म्हणाल्या होत्या?’ सासूने विचारलं.

‘मॅडमचा पाय पोटाला चिकटलेला नाहीये, आई.’

जटा कापल्या तेव्हा खाली लालभडक जखम होती. ती धुतली, औषध लावलं. म्हातारी चारही पायांवर उभी राहिली, आणि आपल्याच पायाकडे बघू लागली. मग बाकीच्यांनी काय पाप केलं होतं? कात्रीने सगळ्यांना आंघोळ घातली, नखं काढली, केस विंचरले. उंबऱ्याच्या आत कुत्रं नको म्हणणारी सासू पाणी तापवून देत होती, जुन्या चादरींनी एकेकीला पुसत होती. इतकी सुखाची संध्याकाळ त्या घरात फार दिवसांनी आली होती. जटांचं पोतं भरलं. सकाळी सासूने घर झाडलं आणि पोतं कचऱ्याच्या गाडीत टाकलं.

डॉक्टर आले, एकेक कुत्री उचलून बघू लागले. ‘अंग स्वच्छ. जखम आहे, पण निगा राखलेली.’

‘अहो, मी राखली! काल काय हाल होते यांचे!’

‘असतीलही. मी जे दिसतं तेच लिहिणार. जटा ठेवल्यात का?’

ती तशीच अनवाणी कोपऱ्यापर्यंत धावली. गाडी निघून गेली होती.

कोर्टात शेडवाल्याच्या वकिलाने अहवाल वाचून दाखवला आणि विचारलं, ही काय हाल झालेली जनावरं आहेत? जखम तर बाईंच्या कात्रीचीच असेल. कुत्र्या मालकाला परत द्या, असा हुकूम झाला. म्हाताऱ्या कुत्रीला कात्रीने स्वतः उचलून त्याच्या गाडीत ठेवलं. तिला वाटलं असावं, फिरायला नेतायत. शेपूट हलत होतं.

‘छान न्हाऊमाखू घातलंत, ताई,’ शेडवाला म्हणाला. 

पण तिने पिच्छा सोडला नाही. निरीक्षकबाईच्या कचेरीच्या इतक्या पायऱ्या झिजवल्या, की तीही पुन्हा तयार झाली. ‘या वेळी?’ तिने विचारलं. कात्रीने आपल्या कात्र्यांची पेटी तिच्या टेबलावर ठेवली.

पुन्हा धाड पडली, पुन्हा पार्लरची मागची खोली भरली, पण या वेळी कुत्र्या घाणीत माखलेल्याच राहिल्या. कात्री दाराबाहेर हात काखेत दाबून बसली. आतून विव्हळणं येत होतं. सासू म्हणाली, ‘अगं, एकीचे तरी डोळे पूस.’ ती म्हणाली, ‘आई, पाया पडते, बोलू नका.’ सकाळी डॉक्टरांनी पानंच्या पानं लिहिली. शेडला सील लागलं. कुत्र्या सुटल्या.

फक्त सगळ्यात खालच्या पिंजऱ्यातून या वेळी दुसरीच कुणी निघाली होती, तरणी. कात्रीने शेडवाल्याला गाठून विचारलं, ‘ती म्हातारी कुठेय?’

‘ती होय? तिची वीण थांबली होती,’ तो म्हणाला आणि गाडीची किल्ली शोधू लागला.

तरणीच्या जटा तिने कापल्या, पण फेकल्या नाहीत. ते पोतं पार्लरच्या खुंटीला अजून टांगलेलं आहे. नवीन गिऱ्हाईक आरशात बघून विचारतं, ‘त्यात काय हो?’

‘मान खाली घ्या,’ कात्री म्हणते.