कालवडीच्या मानेवरची गाठ

शाळेच्या दाखल्यांवर गावातल्या पोरांच्या जन्मतारखा लिहिणारा मी क्लार्क, पण लसीकरणाच्या दिवशी दीड महिन्याची कालवड चार महिन्यांची सांगून मोकळा झालो. लाळ्या-खुरकुताची लस चार महिन्यांच्या आत देत नाहीत हे ठाऊक होतं. पण ग्रामपंचायतीपुढं सगळ्यांची जनावरं टोचून निघाली असताना आपलीच तशी परत न्यायला जिवावर आलं. शिवाय ती दिसायचीही दांडगी. बायकोनं सगळा चीक तिलाच पाजला होता. खरवस त्या वेताला आम्ही नुसता आठवला.

आठवड्याभरात तिच्या मानेवर सुपारीएवढी गाठ आली. लस लागली म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती दाखवायचो. बायको म्हणायची, "पोरीची सोयरीक जमल्यासारखं काय सांगत सुटलाय?"

पुढं महिन्याभरात शेजारच्या गोठ्यात बाजारातून आणलेली गाय लाळ गाळायला लागली. गाठीच्या भरवशावर मी तिचं तोंड धुवायलाही मदत केली. जनावरांचे डॉक्टर तिला बघून आमच्याकडं चहाला आले, तेव्हा गाठीचं कौतुक सांगता सांगता खरं वय बोलून गेलो.

त्यांनी कप खाली ठेवला. "भाऊसाहेब, ती गाठ लशीतल्या तेलाची. नुसती लस दिली तर शरीर तिच्याकडं फारसं बघत न्हाई. तेलामुळं ती एका जागी मुरती, शरीराला डिवचत राहती. पण हिच्या रक्तात आईच्या चिकातल्या अँटीबॉडी हुत्या. त्यांनी लस परस्पर धरली. मग हिचं शरीर शिकणार काय?"

"पण त्या अँटीबॉडी आहेत ना अजून?"

"उतरत आल्या असतील. रोग अडवायला कमी पडतील, आन् परत टोचलं तर लस अडवायला पुरतील, अशी अडनिडी वेळ हाय."

"मग आता करायचं काय?"

"लांब ठेवा. हातपाय धुवा. वय खरं सांगितलं असतं तरी ती आज उघडीच असती."

हे त्यांनी मला बरं वाटावं म्हणून सांगितलं. पण खरं सांगितलं असतं तर गाठीचा भरवसा नसता, मी शेजारच्या गोठ्यात पाऊल टाकलं नसतं.

कालवड घरामागं बांधली. सोड्याच्या पाण्यात हात इतके धुतले की शाळेत शाईचं बोट ओळखू येईना. गोठ्याच्या दारात चुना टाकला. त्या चुन्यातून शेजारची कोंबडी खुशाल ये-जा करायची आणि मी तिच्यामागं काठी घेऊन पळायचो. तेवढंच काहीतरी केल्यासारखं वाटायचं. कालवडीच्या तोंडात रोज बघायचो. फोड नव्हता, लाळ नव्हती.

एका सकाळी आईला प्यायला सोडली. दोन घोट घेतले, पाय दुमडून खाली बसली आणि मान टाकली. डॉक्टर म्हणाले, लहान वासराचं हा रोग थेट काळीज धरतो, तोंडात काही दिसायच्या आधीच. मी तिची मान मांडीवर घेऊन बसलो होतो. गाठ बोटाला अजून लागत होती.

संध्याकाळी धारेची वेळ झाली. रोज कालवड सोडून आणायचं काम माझं, म्हणून सवयीनं उठलो. बायकोनं हातातली चरवी सरळ केली आणि म्हणाली, "तुम्ही गाईपुढं जाऊ नका. तुम्ही दिसलात की ती तुमच्या मागं बघते."