सत्तेचाळीसताई

पहिल्या भेटीत त्यांनी मला नावाआधी वय सांगितलं. रबाळ्याच्या आमच्या औषधाच्या कारखान्यात मी तेव्हा भरतीचं काम बघायचो. अर्ज भरायला आलेल्या बायका वयाच्या रकान्यापाशी आल्या की हमखास घुटमळायच्या. ही बाई थेट खिडकीशी आली आणि म्हणाली, "सत्तेचाळीस पूर्ण. बाकीचं खाली लिवलंय." मागे उभ्या असलेल्या मुली फिसकन हसल्या. पुढे त्याच मुलींनी त्यांना 'सत्तेचाळीसताई' करून टाकलं. ताईंना त्याचं काहीच वाटलं नाही. मात्र दर एक जूनला, म्हणजे परभणीकडच्या शाळेत मास्तरांनी अंदाजाने लिहून टाकलेल्या वाढदिवशी, त्या सगळ्यांना बजावायच्या, की आजपासून अठ्ठेचाळीस म्हणायचं. नाव दरवर्षी एकाने वाढत गेलं.

जागा होती बाटल्या तपासण्याची. इंजेक्शनच्या भरलेल्या छोट्या बाटल्या दिव्याखाली धरायच्या, आधी काळ्या पाटीसमोर, मग पांढऱ्या, आणि आत एखादा कण किंवा धागा तरंगतोय का ते बघायचं. जाहिरातीत अट छापली होती, वय पस्तीसपर्यंत. खासगी कारखान्याला अशी अट घालायला बंदी करणारा कायदा मला ठाऊक नव्हता आणि खरं सांगायचं तर मी तो शोधलाही नव्हता. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो. पस्तिशीनंतर माणसाला फारसं दिसत नाही, अशी माझी प्रामाणिक समजूत असावी.

मी अर्ज परत सरकवला. ताई हलल्या नाहीत. तळोज्याच्या एका कारखान्यात त्यांनी हेच काम एकोणीस वर्षं केलं होतं. तो बंद पडला आणि नंतरच्या आठ महिन्यांत चार गेटांवरून वयापायी त्यांना परत पाठवलं होतं. नेरूळला मुलगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्या. शेजाऱ्यांनी सल्ला दिला होता की प्रतिज्ञापत्र करून कागदावरचं वय कमी करून घ्या. मीही मोठा दयाळूपणा करतोय अशा थाटात आवाज खाली करून तेच सुचवलं.

"बारा वर्षं काढून टाकली," ताई म्हणाल्या, "तर त्या बारा वर्षांतलं काम कुनी केलं म्हणून सांगू?"

मग त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे बाटल्यांची परीक्षा असेल ना, ती घ्या, नापास झाले तर गुमान जाते. परीक्षा होतीच. शंभर बाटल्या, टोपणावर नंबर, त्यांतल्या वीस मुद्दाम खराब. बाई नापास होतील आणि माझी सुटका होईल, या हिशेबाने मी गुणवत्ता विभागाच्या मॅडमना गळ घातली. मॅडम कडक होत्या, पण परीक्षेला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

इथे एक गुपित सांगायला हवं. त्या वीस बाटल्यांचे नंबर आमच्या सगळ्या मुलींना पाठ होते. नवी मुलगी आली की जेवणाच्या सुट्टीत डबे उघडता उघडता जुन्या मुली तिला नंबर सांगायच्या. त्यात लबाडीपेक्षा माया जास्त होती. मला हे माहीत होतं. सगळ्या पास होतात, भरती पटापट उरकते, म्हणून मी काणाडोळा करायचो.

ताईंना नंबर कुणी सांगितले नव्हते. त्यांनी पदराने चष्मा पुसला आणि बसल्या. हातात बाटली असताना बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता, तो पुढे अकरा वर्षं मी पाहिला. बाटली उलटी करायची, सरळ करायची, आतलं पाणी थांबेपर्यंत आपणही थांबायचं. वेळ संपता संपता त्यांनी एकवीस बाटल्या बाजूला काढल्या. मॅडमनी यादी लावून पाहिली. वीसच्या वीस बरोबर. एकविसावी मात्र चांगल्यांतली होती आणि चांगली बाटली खराब ठरवणं ही चूकच. मी नकाराचा कागद पुढे ओढला.

"ही चांगली आहे," मॅडम म्हणाल्या.

"तुमच्या यादीत चांगली हाय," ताई म्हणाल्या, "बाटलीत न्हाई."

मॅडमनी ती दिव्याखाली धरली. काही दिसेना. मग भिंग घेतलं. तळाच्या कडेला काचेची बारीक कपची पडून होती, आणि यादी करणाऱ्यापासून ती पाठ करणाऱ्यांपर्यंत कुणालाही ती कधी दिसली नव्हती. मॅडमनी यादीत एकविसावा नंबर स्वतःच्या हाताने लिहिला. माझी मात्र छाती अशी फुगली की जणू ती कपची मीच शोधली होती.

मुली बाटल्या न बघता नंबर पाठ करून पास होतात हे मॅडमनी ओळखलं. त्याच आठवड्यात टोपणांवरचे नंबर बदलले आणि सगळ्यांची परीक्षा पुन्हा झाली. निम्म्या मुली नापास. त्यांच्या नोकऱ्या जायच्या, पण नुकत्याच रुजू झालेल्या ताईंनी मॅडमकडून महिन्याची मुदत मागून घेतली आणि एकेकीला शेजारी बसवून बघायला शिकवलं. महिन्याअखेर सगळ्या पास झाल्या, या खेपेला खरोखरच्या. जाहिरातीतली वयाची अट मॅडमच्या सांगण्यावरून मी स्वतः काढली. पुढच्या भरतीला नावड्यापासून नेरूळपर्यंतच्या पिकल्या केसांच्या बायका आल्या आणि आपलं वय मोठ्याने सांगू लागल्या. आज तपासणीच्या ओळीत चाळिशीपुढच्या नऊ जणी आहेत.

गेल्या वर्षी ताई अठ्ठावन्न झाल्या. मॅडमनी आणखी दोन वर्षं थांबायचा आग्रह केला, पण त्यांनी नको म्हटलं. मुलगी इस्पितळात नर्स झाली होती आणि त्यांना आता बहिणीकडे गावाला राहायचं होतं. मी नेहमीचं पत्र छापलं, 'वयोमानानुसार सेवानिवृत्त होत आहेत'. निरोपाच्या दिवशी सकाळीच ताई ते माझ्या टेबलावर घेऊन आल्या.

"सायेब, येताना वय आडवं आलं व्हतं. आता जातानाबी तेच पुढं करता व्हय?"

सगळ्यांना असंच लिहितात, असं मी काहीतरी पुटपुटलो.

"वयानं न्हाई जात मी," त्या म्हणाल्या, "माझ्या मर्जीनं चाललेय. तसं लिवा."

मी नवं पत्र छापलं. संध्याकाळी मॅडमनी ते सगळ्यांसमोर वाचलं. 'अकरा वर्षं चोख काम करून, थांबण्याचा आग्रह नाकारून, स्वतःच्या मर्जीने जात आहेत.' तपासणीची अख्खी ओळ उभी राहून टाळ्या वाजवत होती आणि मी टाळ्या वाजवता वाजवता रडत होतो. ताई तेवढ्या हसत होत्या.