गॅस्केट शाबूत होतं

इंजिनावर हात ठेवला की मिस्त्रींना रोग कळतो, असा त्यांचा लौकिक होता. चाळीस वर्षं घाम गाळून तो कमावला होता आणि अलीकडे थोडा डोक्यातही गेला होता. मुलाला ग्रीसचा वास सोसेना, तो कचेरीत चिकटला. सुनेनं मात्र लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी हातात पाना घेतला. त्याला अकरा वर्षं झाली, तरी मिस्त्रींच्या लेखी ती शिकाऊच.

थंडीतल्या एका सकाळी दवाखान्यातल्या सिस्टर आपली जुनी गाडी घेऊन आल्या. घरोघरी बाळंतिणींना तपासत फिरायचं, म्हणजे गाडी हेच त्यांचे पाय. रेडिएटरमधलं पाणी कमी होत होतं, सुरू करताना पांढरा धूर निघत होता. मिस्त्रींनी ऑइलचं झाकण उघडलं. आत दुधासारखा चिकटा.

“हेड गॅस्केट गेलं,” ते म्हणाले. “सांध्यातला पातळ पत्रा फाटलाय, पाणी ऑइलमध्ये उतरतंय. इंजिन खोलावं लागेल.”

सुनेनं ऑइल मोजायची पट्टी ओढून पाहिली. “बाबा, पट्टीवरचं ऑइल तर स्वच्छ आहे. सिस्टरांच्या फेऱ्या जवळजवळच्या, इंजिन पुरतं तापतच नाही. झाकणाखाली वाफ धरते, थंडीत धूरही दिसतो. आधी रेडिएटरला हातपंप लावून दाब देऊ. कुठून गळतंय ते दिसेल.”

दोन ड्रायव्हर आपल्या गाड्यांची वाट बघत बसले होते. त्यांच्याकडे बघत मिस्त्री म्हणाले, “ऐकलंत? कालपर्यंत नट कुठल्या बाजूला फिरतो ते विचारायची. सूनबाई, घरात दूध उतू जातंय का ते बघ. इंजिनाचं मी बघतो.”

ड्रायव्हर खो खो हसले. सुनेनं पट्टी पुसून जागेवर घातली आणि ती दुसऱ्या गाडीकडे वळली.

तिसऱ्या दिवशी इंजिनावरचं हेड उतरलं. उतरवताना गंजलेला एक बोल्ट आतच तुटला. मिस्त्रींनी गॅस्केट उजेडात धरलं. कुठे जळालेलं नाही, कुठे फाटलेलं नाही. हेडवर लोखंडी मोजपट्टी आडवी ठेवून पाहिली, तेही सरळ, कुठे वाकलेलं नाही. मग पाणी जात होतं कुठे? वाकून टॉर्च मारला, तर पाण्याच्या पंपाखाली वाळलेल्या पाण्याची पांढरी रेघ. थेंब थेंब गळत होतं आणि जागच्या जागी सुकत होतं. दाब दिला असता तर पाच मिनिटांत दिसलं असतं.

गॅस्केट त्यांनी भंगाराच्या डब्यात चिंध्यांखाली खुपसलं.

तुटका बोल्ट काढण्यात आणखी सहा दिवस गेले. पंप सुनेनंच बदलला. सिस्टर गाडी न्यायला आल्या आणि सहज म्हणाल्या, “गॅस्केटच होतं ना?”

“हो,” मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं.

सिस्टर सुनेकडे वळल्या. “बघ, अनुभव म्हणतात तो हा.”

“हो, सिस्टर,” सून म्हणाली. आपल्या खोट्याला तिनं खांदा दिला, हे मिस्त्रींना कळलं आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं त्यांना झालं.

दोन दिवस घास गोड लागेना. तिसऱ्या दिवशी ते दवाखान्यात गेले. बाकावर चार बायका बसल्या होत्या. त्यांच्यादेखतच त्यांनी सगळं सांगितलं.

सिस्टरांनी हातातली नोंदवही मिटली. “नऊ दिवस मी सायकलनं फिरले, मिस्त्री. एकीकडे पोचायला उशीर झाला. निभावलं, पण त्या पोरीचे फार हाल झाले.” चालायचंच, असं काही त्या म्हणाल्या नाहीत. “सुनेला सांगितलंत?”

“नाही.”

“मग आधी तिकडे जायचं होतंत.”

सून एका गाडीखाली आडवी होती. तिचे फक्त पाय दिसत होते. मिस्त्री त्या पायांशीच बोलले. “गॅस्केट शाबूत होतं. तुझंच बरोबर होतं. आणि त्या दिवशी चारचौघांत तुला बोललो...”

“गॅस्केट मी डब्यात बघितलं होतं,” गाडीखालून आवाज आला. “तुम्ही कधी सांगता, तेच बघत होते.” “तेराचा पाना द्या, बाबा.”

त्यांनी दिला.

पुढे ते दोघे ड्रायव्हर आले, तेव्हा त्यांनाही मिस्त्रींनी आपली चूक सांगितली. ते पुन्हा हसले. एवढा मोठा माणूस, पण बघा किती नम्र, म्हणाले. सूनच बरोबर होती, असं मिस्त्रींनी दोनदा समजावलं, त्यांना ते पटेना. शेजारी सून चाक आवळत होती. तिच्याकडे बघायचं त्यांना धाडस झालं नाही.