किल्ल्यातलं सारवण

सारवणात माझा हात धरणारी आमच्या आळीत दुसरी नव्हती. ही फुशारकी नव्हे. ते सारवण आठवलं की आजही मला लाज वाटते.

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. रेवदंड्याकडच्या आमच्या गावात समुद्राला लागून पडका फिरंगी किल्ला आहे. त्यात नारळ-सुपारीची नवी बाग लावायचं सरकारच्या मनात आलं. त्याआधी फिरंग्यांची जुनी बाग कुठे, कशी होती ते खणून पाहायला पुण्याकडचे एक चष्मेवाले गृहस्थ आले. आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो. आळीतल्या बायकांबरोबर मी आणि सासूबाईही त्यांच्याकडे माती उपसायला जायचो.

त्यांचं खणणं जगावेगळं. हातभर खाली गेलं की थांबायचे. मग जमीन खरवडायची, केरसुणीने झाडायची, वर पाणी शिंपडायचं. ती ओली झाली की हे आपले तिच्याकडे टक लावून बसलेले.

"सोनं दिसतंय जनू," सासूबाई पदराआड हसायच्या.

खणलेल्या जागेचा एक चौक असा तयार झाला आणि भाऊसाहेब म्हणाले, "उद्या मुंबईहून मोठे साहेब येणार. जागा स्वच्छ राहू द्या, कुणाचं पाऊल उमटू देऊ नका." आणि ते साहेबांना आणायला अलिबागला गेले.

आता खरवडून झालं, झाडून झालं, शिंपडूनही झालं. पाहुणा यायचाय म्हटल्यावर पुढे काय करायचं हे कोकणातल्या बाईला सांगावं लागतं होय? आम्ही दोघींनी तांबडी माती घालून जमीन चोपणीने धोपटली, शेण कालवलं आणि मागे सरत सरत सगळा चौक सारवला. पाऊल मात्र एकही उमटू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेब साहेबांच्या जरा पुढे आले आणि चौक बघून मटकन खाली बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळूच म्हणाले, "बाई, बाग त्या मातीच्या रंगातच होती. काळा गोल म्हणजे झाडाचं आळं, पिवळा पट्टा म्हणजे वाट. आज कागदावर उतरवणार होतो."

धरणीने पोटात घ्यावं असं मला झालं.

"आमाला काय ठावं, भाऊसाहेब?" सासूबाई रडवेल्या झाल्या. "पावना येनार म्हनून केलं."

इतक्यात मोठे साहेब आले, आणि खूश! "वा! जागा अशी हवी. उद्या पाहुण्यांच्या हस्ते रोपं लावायची आहेत. तो शेजारचा खरवडलेला चौकही आत्ता असाच करून घ्या."

"त्याचा नकाशा व्हायचाय, साहेब," भाऊसाहेब म्हणाले. "आजचा दिवस द्या."

"मातीचा कसला नकाशा?" साहेब हसले आणि मला म्हणाले, "चल, लाग कामाला."

भाऊसाहेब शेजारच्या चौकाच्या पलीकडच्या टोकाला कागद घेऊन बसले आणि भराभर रेघा ओढू लागले. अलीकडून मी सुरुवात केली. या वेळी मला सगळं कळत होतं. झाडांची काळी आळी, पिवळी वाट, मलाही दिसायला लागली होती. म्हणून मी वेळ काढू लागले. शेण पातळ झालं म्हटलं, पाण्याला दोनदा गेले, एकच जागा पुन्हा पुन्हा सारवली.

"तुजं हात लुलं परलं का गो?" सासूबाईंना काही कळेना.

साहेब वैतागले. सगळ्या बायकांसमोर म्हणाले, "ही कामचुकार दिसते. दुसरी बाई आणा."

कामचुकार? मी? अख्ख्या आळीसमोर? माझं डोकंच फिरलं. सारवताना हात सुटला तो सुटलाच. झाडांची आळी, वाट, भाऊसाहेब, कशाचंही भान राहिलं नाही. साहेब "शाब्बास" म्हणाले तेव्हा मी वर पाहिलं. मी भाऊसाहेबांच्या पायांपाशी पोचले होते. त्यांच्या हातातला कागद अर्धा कोरा होता, आणि माझं सारवण बिघडू नये म्हणून ते पाय उचलून बाजूला होत होते.