नाझनीनचे एकवीस हिरवे

कंधारच्या बसस्टँडसमोर गफूर पेंटरचं दुकान होतं तेव्हा त्याच्या अक्षराला तोड नव्हती. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, निवडणुकीतल्या भिंती, सगळं त्याच्या हातचं. मग फ्लेक्स आले आणि पाट्या गेल्या. उरल्या त्या जिल्हा परिषदेच्या शाळांच्या भिंती. बाराखडी, पाढे, जिल्ह्याचा नकाशा रंगवायला वाड्यावस्त्यांवरून बोलावणं यायचं आणि गफूर रंगाचे डबे एक्सएल मोपेडला बांधून निघायचा.

तो चौथी शिकलेला. अक्षर देखणं, पण ऱ्हस्व-दीर्घ कच्चं. एका शाळेच्या दारावर त्यानं हातभर अक्षरांत ‘विद्यार्थि’ असं काढलं, आणि हेडमास्तरांनी ते सगळ्या पोरांसमोर पुसायला लावलं. घरी आल्यावर तो जेवला नाही. लेक तेव्हा मराठी शाळेत दुसरीला होती. काय झालं ते तिनं काढून घेतलं, वहीत तो शब्द नीट लिहून बापापुढं ठेवला आणि म्हणाली, आता सुट्टीच्या दिवशीच काम घेत जावा, मी येते संगं.

ही नाझनीन. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेली, एकुलती एक. आई गौसिया घरी शिलाई मशीन चालवायची. लेकीचा प्रत्येक फ्रॉक तिच्या हातचा असायचा. बाप-लेक निघाले की ती भाकरी, ठेचा आणि पाण्याची बाटली द्यायची, लेकीच्या वेण्या घट्ट बांधायची आणि दारात उभी राहायची. स्वतः कधी बरोबर गेली नाही. मोपेडवर डब्यांमुळं तिसऱ्या माणसाला जागाच नसायची.

नाझनीन पुढं उभी राहायची, दोन्ही हातांनी आरसे धरून. त्यामुळं गफूरला सगळ्या रस्त्याभर तिच्या दोन वेण्या आणि त्यांच्यामधला सरळ भांग तेवढा दिसायचा. भिंतीपाशी पोचलं की ती वही घेऊन बसायची. तो खडूनं अक्षरं आखायचा, ती तपासायची आणि तिनं होकाराची मान डोलावल्याशिवाय तो ब्रश बुडवायचा नाही. घरात दोघं दखनी उर्दूत बोलायचे. बाहेर पडल्यावर मात्र ती त्याच्याशी मराठीच बोलायची. तुम्हाला सवय व्हावी म्हणून, असं तिचं म्हणणं.

दुपारी एखाद्या लिंबाखाली भाकरी खाल्ली की त्यांचा एक खेळ चालायचा. गफूरनं तिला एकदा सांगितलं होतं की डब्यातला हिरवा एकच असतो, पण रानातला हिरवा एक नसतो. तेव्हापासून ती हिरवे मोजू लागली. तुरीचा हिरवा वेगळा, हरभऱ्याचा वेगळा. करडईचा थोडा राखाडी. राघूच्या पाठीचा, बाभळीच्या कोवळ्या शेंगेचा, दर्ग्यावरच्या चादरीचा. नवा सापडला की ती वहीत लिहायची, आणि आधीच्यासारखाच असला तर बाप कितीही म्हणाला तरी घ्यायची नाही. त्यावरून दोघांची भांडणंही व्हायची. दोन वर्षांत वीस झाले.

एकविसावा मन्याड नदीच्या काठी सापडला. दसऱ्यानंतरचा रविवार होता. काम लवकर आटोपलं म्हणून दोघं नदीवर गेले. नाझनीन खडकावर बसून पाण्यात पाय हलवत होती आणि पाण्याखालचं शेवाळ तिच्या पायांच्या लाटांनी हलत होतं. ओला हिरवा, असं तिनं वहीत लिहिलं.

पुढच्या रविवारी तिचं अंग तापलं. दोन दिवस गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी अंगावर लाल पुरळ आलं, चौथ्या दिवशी तिला नांदेडला नेलं. डेंग्यू होता. डॉक्टरांनी होतं ते सगळं केलं. शनिवारी सकाळी ती गेली. नऊ वर्षांची होती.

गफूर मातीहून आल्यावर घर माणसांनी भरलेलं असताना गौसिया एकदाच बोलली, ते सगळ्यांनी ऐकलं. “तुमीच फिराए उसकू. धूप में, पानी के पास.” तुम्हीच तिला उन्हात, पाण्यापाशी हिंडवलंत. गफूरनं मान खाली घातली. तिनं ते पुन्हा कधी काढलं नाही आणि त्यानंही कधी नाकारलं नाही. तो मनात तेच धरून बसला.

त्यानंतर त्यानं भिंती सोडल्या. एका फ्लेक्सच्या दुकानात बोर्ड ठोकायला जाऊ लागला. मोपेड घराच्या बोळात उभी राहिली, तिच्या आरशांवर धूळ बसली. घरात शिलाई मशीनचा आवाज यायचा, आणि तो थांबला की दोघांना एकमेकांशी बोलावं लागेल म्हणून गौसिया मशीन थांबवायचीच नाही.

सव्वा वर्ष असं गेलं. मग एके दिवशी आरती मॅडम त्याला शोधत आल्या. अहमदपूर रस्त्यावरच्या एका वाडीत त्यांची दोनशिक्षकी शाळा. त्या शाळेची भिंत गफूरनं रंगवली होती, आणि वही घेऊन बसलेली ती मुलगी त्यांना आठवत होती. पोरांच्या वाचनकोपऱ्याला इथल्या रानातलं, इथल्या माणसांचं एक चित्रांचं पुस्तक पाहिजे होतं. बापलेकीचं कराल का, असं त्यांनी विचारलं. गफूर नाही म्हणाला. मॅडमनी आग्रह केला नाही. जाताना जाड कागदांची गुंडाळी मात्र त्या फळीवर ठेवून गेल्या.

गुंडाळी महिनाभर तशीच पडून होती. मग एका शुक्रवारी, नमाजहून आल्यावर, त्यानं ती सोडली.

चित्रं भराभर आली. लिंबाची सावली, विहिरीवरची सुगरणीची घरटी, तुरीच्या रानातून जाणारी मोपेड. हिरवे त्यानं एकेक कालवून बघितले. तुरीचा जमायला चार दिवस लागले. पण मुलीचा चेहरा काही येईना. किती कागद वाया गेले, दर वेळी कुठल्यातरी भलत्याच पोरीचं तोंड उमटायचं. शेवटी त्यानं तिला पाठमोरीच काढली. दोन वेण्या, मधला भांग. ते मात्र हात न अडखळता आलं.

गौसियाला हे माहीत नव्हतं. एक दिवस ती झाडायला वाकली आणि पलंगाखाली वाळत घातलेले कागद तिला दिसले. ती तिथंच जमिनीवर बसली. एकेक कागद तिनं हातात घेतला. या जागा तिनं कधी पाहिल्या नव्हत्या. तिच्या हातची भाकरी लेकीनं कुठल्या झाडाखाली खाल्ली हे ती पहिल्यांदा बघत होती. गफूर दारात उभा होता. ती आता कागद फाडणार असं त्याला वाटलं.

मग तिनं नदीच्या चित्रावर बोट ठेवलं आणि सांगितलं की त्या दिवशी फ्रॉक पिवळा नव्हता. जांभळा होता, बाहीला लेस लावलेला. गफूरनं ब्रश उचलला. त्या संध्याकाळी दोघांनी सगळे कागद पुढ्यात घेतले. कुठला फ्रॉक कुठल्या महिन्यातला, कुठल्या दिवशी एका वेणीची रिबीन सुटली म्हणून रडत घरी आली होती, हे गौसियाला पाठ होतं. चेहऱ्याचंही तिनं सांगून पाहिलं. डाव्या भुवईखाली पलंगाची पट्टी लागल्याची खूण होती, वरचा ओठ थोडा पुढं. गफूरनं काढलं. गौसियानं पाहिलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी चेहऱ्याचा नाद सोडला.

मजकूर त्यानं स्वतः लिहिला आणि आरती मॅडमकडं तपासायला दिला. तेरा चुका निघाल्या. तेरा म्हटल्यावर तो म्हणाला, “माझी तपासणारी असती तर एक बी निघाली नसती, मॅडम.”

पुस्तक बांधून झालं तेव्हा मॅडमनी दोघांनाही शाळेत बोलावलं. मोपेडवर आता डबे नव्हते, गौसिया मागं बसली. पोरं सतरंजीवर गोळा झाली होती. मॅडम पानं उलटत होत्या, गफूर वाचत होता. पोरं हसली, एकेक हिरवा ओळीनं म्हणू लागली. मधेच एकानं विचारलं, “चाचा, ही पोरगी आमच्याकडं तोंड का करीना?”

“ती हिरवं बघायलीय,” गफूर म्हणाला.

शेवटचं पान संपलं. पुढं बसलेल्या एका लहानगीनं विचारलं की मोठी झाल्यावर तिनं आणखी किती मोजले. गफूरनं मॅडमकडं बघितलं. मॅडम पुस्तक मिटू लागल्या. तेव्हा भिंतीला टेकून बसलेली गौसिया म्हणाली, “न्हाई बाळा. ती मोठी झाली न्हाई.”

त्या लहानगीनं एकदा पुस्तकाकडं आणि एकदा गौसियाकडं बघितलं.

परत येताना गौसियानं नदीवर थांबायला सांगितलं. तो खडक कोणता, असं तिनं विचारलं. गफूरनं दाखवला. ती त्यावर बसली, चपला काढल्या, पण पाय पाण्यात सोडले नाहीत. पाणी उन्हाळ्यामुळं खाली गेलं होतं. मग ती बोलू लागली. त्याच्याकडं न बघता.

नाझनीन गेल्यावर चौथ्या दिवशी आरोग्य खात्याची माणसं गल्लीत आली होती. गफूर तेव्हा मशिदीत होता. त्यांनी घराघरातलं साठवलेलं पाणी तपासलं. गल्लीला नळ आठवड्यातून एकदा यायचा, त्यामुळं प्रत्येकाच्या दारात ड्रम. यांच्या ड्रममध्ये डासांच्या अळ्या निघाल्या. त्यांनी पाणी ओतून दिलं, कागदावर सही घेतली आणि गेले. गौसियानं ते कुणालाच सांगितलं नाही. ड्रम तिनं भंगारात घातला, आणि तो कुठं गेला हे गफूरनं कधी विचारलं नव्हतं.

“किडे अपनेच ड्रम में निकले थे,” ती म्हणाली. “मैं तुमकू बोली नै. तुमना बोलने दी सबकू.” लोक तुम्हाला दोष देत राहिले आणि मी देऊ दिला.

गफूरला राग येईल असं तिला वाटत होतं, आणि तो यावा असंही वाटत होतं. तो आला नाही. तो तिच्या शेजारी खडकावर बसला.

“पानी तो मैंच भरके रखता था,” तो म्हणाला.

त्यावर गौसिया रडली. लेक गेल्यापासून नवऱ्यासमोर ती पहिल्यांदा अशी मोकळी रडली. त्यानं तिला थांबवलं नाही. ऊन उतरल्यावर दोघं उठले.

पुस्तक त्या शाळेत आहे. रंगीत झेरॉक्स काढून आणखी दोन शाळांनी नेलंय. गफूर पुन्हा भिंती रंगवायला जातो, अक्षरं आधी गुरुजींकडून तपासून घेतो. मागच्या जूनमध्ये आरती मॅडमनी विचारलं की पोरं नवीन पुस्तक मागतायत, दुसरं कराल का.

“मला जेवढं ठाव होतं तेवढं त्याच्यात आलं, मॅडम,” गफूर म्हणाला, आणि शिडी लावून भिंत आखायला चढला.